पेटी मात्र पक्की झाली

...आणि तो सुतार मला म्हणतो कसा, "वहिनी, पेटी बरोबर आहे. होडीच चुकलीये."

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? होडी चुकली? अहो, ती होडी माझ्या लग्नाच्या आधीपासून पाण्यात आहे, सासऱ्यांनी बांधून घेतलेली, तिच्यावर दोन नणंदांची लग्नं झाली, धाकट्या दिराचं घर उभं राहिलं, माझं अख्खं तारुण्य तिच्या वासात गेलं, आणि इतक्या वर्षांत तिला कुणी चुकली म्हणालं नाही. आणि हा कपाटं बनवणारा माणूस, ज्याला धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा मळमळतं, तो तिच्या पोटात उभा राहून तिला चुकली म्हणतो. आणि आमचे हे? शेजारी उभे राहून मान डोलावतायत. "असेल बाबा. जुनं लाकूड आहे, आकसलं असेल." मी म्हटलं, लाकूड नाही आकसलं, दुसरंच काहीतरी आकसलंय, आणि ते तुम्हा दोघांच्या टाळूखाली आहे.

पण पेटी मात्र पक्की झाली. हे मी नाही म्हणत. सगळे म्हणतात.

कसली पेटी? हां, ते राहिलंच. बर्फाची पेटी हो, होडीत ठेवायची, मासळी गार राहावी म्हणून. थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं बाई उगाच तोंड सोडतेय. मी चौथी शिकलेली. चौथीनंतर डोक्यावर टोपली घेतली ती अजून उतरवलेली नाही. मला फार कळत नाही, पण मासा कळतो आणि माणूस कळतो, आणि दोन्ही दाबल्यावर मऊ लागले तर घेऊ नयेत एवढं कळतं. मासा मी कधी मऊ घेतला नाही. नवऱ्याच्या वेळी दाबून बघायची सोय नव्हती.

तर आमचा ओटा. मासळी बाजाराच्या दारातला पहिला ओटा आमचा, सासूबाईंचा होता, त्यांच्या गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा माझा झाला. पहिला ओटा म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की पहिलं तोंड माझं दिसतं. आतल्या बायका ओरडून ओरडून घसा फाडून घेतात, मी नुसती भुवई उचलली की गिऱ्हाईक थांबतं. आणि त्याच रांगेत अगदी शेवटी, जिथे उजेड संपतो, तिथे काय आहे माहितीये? ओटा नाहीच. नुसती जमीन, तीही उतरती, कारण अख्खा बाजार धुतलेलं पाणी तिथून गटारात जातं. तिथे मांजरं बसतात. मांजरं, आणि जिचा मासा दारात चालत नाही ती बाई. असा नियमच आहे, लिहिलेला कुठे नाही, पण मुकादम पाळतो: ज्याची मासळी सारखी नापसंत होते त्याने आत सरकायचं. दारात वास नको.

आणि मासळी नापसंत व्हायला लागली ना आमची. पूर्वी हे सकाळी जायचे, दिवेलागणीला परत. आता जवळ मासा उरलाय कुठे? लांब जावं लागतं, दोन-दोन रात्री बाहेर. आणि बर्फ कशात न्यायचा, तर थर्माकोलच्या डब्यांत, दोरीने बांधलेल्या, झाकणं दातांनी कुरतडल्यासारखी. जाताना लादी, येताना आंघोळीचं पाणी. बांगडा हातात घेतला की वाकून नमस्कार करायचा, इतका मऊ. गिऱ्हाईक काय करतं? बोट लावतं. बोट लावलं आणि खड्डा तसाच राहिला की माझ्याकडे असं बघतं जसा काही तो खड्डा मी पाडलाय. मग मुकादम आला. हा माणूस तोंडाकडे बघून बोलत नाही, काडीने दात कोरत छपराकडे बघून बोलतो. "बाई, सासू तुमची दारात बसायची तेव्हा लोक वास घेत आत यायचे. आता नाक धरून येतात. हंगाम संपेपर्यंत बघतो मी. मग सरका. माझा इलाज नाही." छपराला सांगितलं आणि गेला.

झोपले नाही मी त्या रात्री. सकाळी यांना म्हटलं, अहो, पेटी घ्या. चांगली पेटी घ्या. माझ्या ओट्याचा प्रश्न आहे.

आता सरळ माणूस काय करील? दुकानात जाईल, पेटी घेईल. माझ्या धाकट्या दिराने तेच केलं, निळी, जाडजूड, तयार मिळते तसली, होडीवर दोरीने बांधली, झालं. जाऊबाई येऊन सांगून गेल्या, आवाज मधात बुडवलेला, "ताई, तुम्ही पण अश्शीच घ्या ना. धुतली की झाली. आमच्याकडे तर काही बघावंच लागत नाही." आणि इथेच माशी शिंकली. धाकट्याने घेतली म्हटल्यावर थोरला कशाला घेईल? हे म्हणाले, "ती पेटी चौकोनी. होडीचं पोट चौकोनी आहे का? बाजूला सगळी जागा वाया जाते. आपण मापाची बनवून घ्यायची. पोटात चपखल बसणारी. आपण सदरा मापाचा शिवतो की नाही?"

मी म्हटलं, "तुमचा सदरा मापाचा असता तर महिन्याला बटणं कोण लावत बसलं असतं?"

पण ऐकतंय कोण. होड्यांचा सुतार होता एक जुना, पण त्याचे हात थरथरायला लागल्यापासून तो फक्त सल्ले देतो, आणि तेही गेलेल्या होड्यांबद्दल. म्हणून यांनी हा आणला, कपाटवाला. कपाटं चांगली करतो, खोटं कशाला बोलू, माझ्या बहिणीकडचं कपाट त्याचंच. त्याला लोक सूतभर म्हणतात, कारण सुतारांचं सूत असतं ना, इंचाच्या आत मोजायचं, तर काहीही चुकलं की याचं एकच: "सूतभर फरक आहे, वहिनी. दिसणार पण नाही." माप घ्यायला आला, वही काढली, कानावरची पेन्सिल काढली आणि मला विचारतो, "आरसा कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "आरसा?"

"दाराला आतून लावतात. बायका विचारतात."

"अरे बाबा, आत मासे ठेवायचेत. मेलेला मासा भांग पाडणार आहे का?"

तर तो हसला नाही. वहीत काहीतरी खोडलं. म्हणजे त्याने आरसा धरला होता.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण इथे आहे. होडी तेव्हा रंगासाठी उतारावर ओढून ठेवलेली. ओढलेली होडी कशी असते? नाक वर, शेपूट खाली. सूतभर आत उतरला, एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्या हातात पाणसळ, ती नाही का काचेच्या नळीतला बुडबुडा बघतात, आडवं सपाट आहे की नाही ते कळायला. ठेवली तळाला, तर बुडबुडा पळाला एका टोकाला. "वहिनी, होडी तिरकी आहे." हो, आहे. "मग पेटी तिरकी बसेल." हे म्हणाले, "छे, तिरकी नको, सपाट पाहिजे." तर याने डोकं चालवलं, पेटीच्या बुडाला मागच्या बाजूने पाचर बांधायची ठरवली, चांगली जाड, म्हणजे मागचं उचललं जाईल आणि पेटी सपाट होईल. आणि वितळलेलं पाणी बाहेर जायला भोक? "पाणी उताराकडे जातं. उतार मागे आहे. भोक मागे." बरोबर वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं. यांनाही वाटलं, ज्यांनी उभा जन्म त्या होडीत काढला. तिघांनी मिळून मान डोलावली. मी टेपचं टोक धरून उभी होते आणि मनात म्हटलं, बघ, दिसतो तितका काही बावळट नाही.

पेटी आमच्या बाहेरच्या खोलीत बनवायला घेतली. आता तुम्ही म्हणाल, दारातून निघालीच नसेल. हो ना? तिथे बरोबर हसायला तयार झालात. निघाली. दार मी स्वतः झाडूच्या दांड्याने मोजलं होतं. मी असते तिथे तसल्या चुका होत नाहीत. तिथे दुसऱ्या होतात.

बाहेरून प्लायवूड, मध्ये थर्माकोलचे जाड ताव, आतून फायबर, असा बेत. फायबर चढवणारा माणूस मागत होता वेळ, तर हे म्हणाले मीच चढवतो, होडीच्या भोकांना लावतोच की मी. खरं आहे, लावतात. पण होडी लाकडाची असते. यांनी डबा फोडला, ब्रश बुडवला आणि ते जळजळणारं पाणी सरळ थर्माकोलवर फासलं. अख्खं घर वासाने भरलं, सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या नाकाला फडकं लावून म्हणाल्या, "हा वास माशाला येणार नाही ना रे?" हे म्हणाले, "आई, बघ कसं पितंय. चांगलं आहे. मुरतंय आत." आणि खरंच पीत होतं हो. मी वाकून बघितलं तर थर्माकोल खाली चालला होता. चहात बिस्कीट बसावं तसा, हळूहळू, आवाज न करता. हे आणखी फासतायत, म्हणतायत कमी पडतंय, आणि तो आणखी बसतोय, आणि जेवायच्या वेळेपर्यंत भिंत होती तिथे डबकं. मी विचारलं, "अहो, थर्माकोल कुठे गेला?" तर हे त्या डबक्याकडे बघत म्हणतात, "आतच असेल."

दुकानदाराकडे गेलो तर तो हसतोय. "अहो, ते थर्माकोलला खातं. कुणाला माहीत नाही हे?" आम्हाला माहीत नव्हतं. "डब्यावर लिहिलंय की." मी डबा फिरवून बघितला. मुंगीच्या पायांएवढं लिहिलेलं, तेही परदेशी. मी म्हटलं, भाऊ, चौथीपर्यंत मुंगी शिकवत नाहीत. मग त्याने दुसरी वस्तू दिली. दोन डबे, दोन पाणी, एकत्र करायचे, आतून दुसरी फळी मारून मधल्या पोकळीत ओतायचे, आपोआप फुगून फोम होतो, दगडासारखा. आणि जाताना शंभरदा सांगितलं, "थोडं थोडं ओता. फुगतं. थोडं थोडं." शंभरदा सांगितलं म्हणजे आमच्या ह्यांनी किती ऐकलं असेल ते तुम्ही ओळखाच.

ओतलं. काहीच झालं नाही. एवढासा पिवळा रस तळाला जाऊन बसला, दह्याच्या कवडीसारखा. हे म्हणाले, "कमी पडलं." सूतभर म्हणाला, "सूतभर कमी पडलं." मी म्हटलं, जरा थांबा. पण पुरुषमाणूस आणि थांबणं, यांची सोयरीक कुठे झालीये? उरलेलं सगळं ओतलं, दोन्ही डबे उपडे करून, बुडं ठोकून. आणि मग तो रस जागा झाला.

आधी हलला. मग दम घेतल्यासारखा वर आला. मग काही केल्या थांबेना. पोकळीतून वर, काठावरून बाहेर, आत, सगळीकडे, आणि हे दोन्ही हातांनी दाबतायत, त्यांचे हात पिवळे झाले, मग झाकण टाकून झाकणावर बसले, तरी झाकण वर येतंय, मग सूतभर बसला शेजारी, दोन धडधाकट बाप्ये त्या झाकणावर एकमेकांना धरून बसलेत आणि हळूहळू वर चाललेत, आणि सासूबाई म्हणतात, "सूनबाई, तू पण बस. तिघं मिळून जा वर." त्यांची काठी पेटीला टेकून ठेवलेली, ती गेली त्यात. यांची एक चप्पल गेली. सूतभराचा टेप काठावर ठेवलेला, तो गेला, डोळ्यांदेखत गेला, शेवटपर्यंत त्याची पिवळी जीभ बाहेर दिसत होती, मग तीही गेली. अजून आहे तो भिंतीत. पेटीचं माप पेटीतच आहे. कुणाला बघायचं असेल तर पेटी फोडावी लागेल, आणि पेटी फुटत नाही.

काठी कापून काढली. चप्पल निघाली, पण ती पायात घालायच्या लायकीची राहिली नाही. आणि सूतभराने भिंतीवर थाप मारली. टण्ण. परत मारली. टण्ण. आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "वहिनी, काही म्हणा, पेटी मात्र पक्की झाली."

झाली. नाही कशी म्हणू? फक्त भिंती दोन्हीकडून फुगल्या होत्या. बाहेरून अशी, की शेजारीण म्हणाली कितवा महिना. आणि आतून अशी, की मी हात घातला तर कोपर अडकलं. थर्माकोलच्या डब्यांत सात टोपल्या मासे जायचे. हिच्यात बर्फ घातला की दोन. मी म्हटलं, "अहो, आत जागाच नाही." हे म्हणाले, "भिंत जितकी जाड तितकी थंडी टिकते." मी म्हटलं, "मग सगळी भिंतच ठेवा ना. आत काही ठेवूच नका, अगदी आठवडाभर थंड राहील." तर सूतभर विचार करायला लागला. खरंच विचार करायला लागला हो.

मग फायबर चढवला, या वेळी माणसाकडून, आणि पेटी उतारावर होडीपाशी नेली. दिराची माणसं बोलावली उचलायला. जाऊबाई आल्याच बघायला, हातात चहाची किटली, मदतीचं नाव. पेटी दोरांनी लोंबकळवली, हळूहळू खाली सोडली, आणि पोटाच्या तोंडाशी येऊन ती थांबली. दाबली. थांबलेलीच. फिरवली. थांबलेलीच. मापाची पेटी ना ती, चपखल बसणारी? ती होडीच्या तोंडात बूच बसावं तशी बसली, वर अर्धी, खाली अर्धी. आणि तेव्हाच तो म्हणाला, ते मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं ते, पेटी बरोबर आहे, होडीच चुकलीये.

पेटी तासायची म्हटलं तर कुठल्या पात्याने? फोम दगड झालेला. करवतीचे दात गेले, दगडाचं काही गेलं नाही. तर मग काय केलं? होडी कापली. हो. माप होडीचं घेतलं आणि शेवटी होडीच कापली. हसू नका. मी पण हसणार होते, पण यांच्याकडे बघितलं. एक फळी कापताना यांचा हात थांबला, ती सासऱ्यांनी बसवलेली फळी होती, खालच्या अंगाला त्यांच्या पटाशीची खूण होती. तरी कापली, आणि तो तुकडा बगलेत धरून घरी आणला. आहे अजून, दाराच्या मागे. रोज झाडताना मला आडवा येतो आणि रोज मी तो उचलून परत तिथेच ठेवते.

पेटी बसली. पाचरीसकट बसली. सूतभराने उतारावरच्या त्या होडीत उतरून पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. पेटी बसवल्यावरच्या पहिल्या लांबच्या फेरीला हे निघाले तेव्हा मी धक्क्यावर उभी होते, आणि ओट्याच्या आशेने नाही सांगत, पण जरा बरं वाटलं होतं मला.

दोन रात्रींनी परत आले. लांबून दिसले, पेटीवर उभे, नवरदेवासारखे. होडी लागली, यांनी झाकण उघडलं. बर्फ. तुम्हाला सांगते, बर्फ जसाच्या तसा. टोकं होती हो त्याला, अजून टोचत होती. मी हात घातला, हाडापर्यंत गार गेलं. एक बांगडा वर काढला, सरळ, फळीसारखा, एका टोकाला धरला तर आडवा राहिला. बोट लावलं. खड्डाच पडेना. इतक्या वर्षांत असा मासा बघितला नव्हता मी. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. हे म्हणाले, "बघितलंस?" मी म्हटलं, बघितलं. आणि मग खरंच बघितलं. डोळा. बांगड्याचा डोळा पांढरा. दुसरा काढला, पांढरा. पाठीवरचे पट्टे धुऊन निघालेले, कल्ला उघडला तर लालभडक असायला पाहिजे, तो फिक्कट, जुन्या फडक्यासारखा.

काय झालं होतं? अहो, होडी उतारावर नाक वर करते. पाण्यात कुठे करते? पाण्यात ती सरळ होते. होडी सरळ झाली आणि पाचर तशीच राहिली, मागचं वर उचललेलं, पेटी पुढे झुकलेली. भोक मागे, उंचावर, कोरडं ठणठणीत. जो थोडा बर्फ वितळला त्याचं पाणी सगळं पुढे साचलेलं. मासे दोन रात्री त्या पाण्यात बुडून होते, आणि बर्फाचं गोडं पाणी माशाचा रंग खातं, डोळे खातं, हे आमच्यात पोरीबाळींनाही माहीत असतं. जिवंतपणी त्यांनी पाण्यात जेवढी अंघोळ केली नसेल तेवढी मेल्यावर केली. मी यांच्याकडे बघितलं. हे भोकाकडे बघत होते. म्हणाले, "होडी पाण्यात सरळ होते, नाही का."

हो, होते. मी म्हटलं, तुमच्या आजोबांच्या वेळेपासून होते.

नेले बाजारात. काय करणार? मासा ताजा आहे, मला माहितीये, माझा जीव सांगतोय. पण गिऱ्हाईक आलं, माझं नेहमीचं, मास्तरीणबाई. डोळा बघितला. "हा कधीचा?"

"आजचा."

"डोळा तर आठवड्याचा आहे."

"बाई, बोट लावा. लावा तर खरं. दगड आहे."

"दगडच दिसतोय. गोठवलेला असेल."

"अहो, तुम्ही मासा खाणार की त्याच्या डोळ्याला डोळा लावून बसणार आहात?"

हे बोलायला नको होतं. मला माहितीये. पण निघून गेलं तोंडातून, आणि मास्तरीणबाई आत निघून गेली. माझ्या अंगावरून आत. जावेच्या ओट्याकडे. आणि तिच्यामागे आणखी एक. मी इतके दिवस मऊ मासे कसेबसे विकले, आणि ज्या दिवशी खरा कडक मासा ओट्यावर आला त्या दिवशी मला कुणी विचारेना.

तुम्ही म्हणाल, मग पुढे दुसरं भोक पाडायचं. शहाण्या आहात. पाडायला घेतलं ना. सूतभराने गिरमिट लावलं, फिरवलं, फिरवलं, भिंत इतकी जाड की अर्ध्यावर जाऊन गिरमिट अडकलं, आणि मोडलं. आहे आतच, टेपला सोबत झाली. मग पाचर काढायची? ती फोमने धरलेली, पेटीबरोबरच जन्मलेली. मग हे मगाने पाणी उपसायला लागले. त्यासाठी झाकण उघडायचं, झाकण उघडलं की थंडी जाते, थंडी गेली की बर्फ वितळतो, बर्फ वितळला की पाणी वाढतं, पाणी वाढलं की उपसायचं. माणूस मासे धरायला गेला की पाणी भरायला, कळेना. शेवटच्या फेरीला जाळं कमी ओढलं आणि पाण्याचा मगच जास्त.

हंगाम संपला. मुकादम आला. छपराकडे बघितलं. "बाई," म्हणाला, आणि काडी रांगेच्या शेवटाकडे केली. मीच म्हटलं, कळलं. सरकते. टोपली उचलली, कोयता उचलला, सासूबाईंचा तो तराजू उचलला आणि रांगेच्या शेवटाला गेले. घरी सांगितलं तर सासूबाईंनी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "तिथे खाली पाणी असतं. पाय वर घेऊन बस." एवढंच. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारात आता जाऊबाई. "ताई, राग नाही ना?" मी म्हटलं, राग कसला, तुझी पेटी निळी, माझं नशीब निळं. हे आता धाकट्याच्या होडीवर जातात, थोरला भाऊ धाकट्याची दोरी ओढतो, घरी आले की पाय धुतात आणि जेवायला बसतात. आमची होडी उतारावर. नाक वर, शेपूट खाली, आणि मध्ये चौकोनी भोक. त्यात पाऊस जातो.

आणि पेटी? पेटी यांनी विकायला काढली होती. घेतंय कोण? मग मीच म्हटलं, शेवटच्या जागेला ओटा नाही, नुसती जमीन, आणा ती इकडे. सहाजणांनी आणली, शिव्या देत. ठेवली, भोक गटाराकडे करून. आणि सूतभर आला, पाणसळ घेऊन, कुणी बोलावलं नव्हतं. झाकणावर ठेवली. बुडबुडा सरकला, सरकला, आणि मधोमध येऊन थांबला. सूतभरसुद्धा फरक नाही. गटाराचा उतार आणि आमच्या होडीच्या जागेचा उतार एकच हो, अगदी एक. पाणी भोकातून सरळ गटारात, आत थेंब राहत नाही. दिराच्या होडीतून वाटणीला येतात ते चार मासे मी तिच्यात ठेवते, दुसऱ्या दिवशीही डोळा काळाभोर, कल्ला लालभडक, अगदी दारात ठेवावा असा. पण दारातून इथपर्यंत गिऱ्हाईक येतंय कुठे? मुकादम परवा आला, काडी दातांत, या वेळी छपराकडे नाही, पेटीकडे बघितलं. पायाने ठोकली. टण्ण. "बाई," म्हणाला, "पेटी मात्र पक्की झालीये."

म्हटलं, हो.

अहो, तुम्ही अशा उभ्या का राहिलात इतका वेळ? खाली पाणी आहे, चप्पल भिजेल. या, वर बसा. ते मांजर हटवा, ते काही करत नाही. लाजू नका, मोडत नाही, दोन बाप्ये बसले होते हिच्यावर. मी सरकते. सरकायची मला सवय झालीये. बसा... बघा. आत जेमतेम दोन टोपल्या मासे मावतात, पण वर दोघी कशा आरामात मावलो.